कुठल्या पेठेची पोरं?

माझ्या आत्याचे घर कोल्हापुरात महाद्वार रोडवर होते आणि त्या घराला रस्त्याच्या बाजूने लाकडी कठड्याची माडी होती. अनंत चतुर्दशीला आम्ही सगळी भावंडे दुपारपासूनच तिथे जागा धरून बसत असू; पण एका वर्षी जागा कमी पडली आणि थोरल्यांनी मला खाली रस्त्यावर पिटाळले. त्या वर्षी मी झांजपथक पाहिले ते माणसांच्या पाठींमधून. डोक्यावर उचललेल्या झांजा दिव्यात चमकत होत्या, ढोलाचा घुमारा पोटात उतरत होता, पण पथक नेमके काय करते आहे ते काही कळले नाही. पुढच्या वर्षी तेच पथक, त्याच चाली घेऊन, त्याच कोपऱ्यावर थांबले आणि या खेपेला मी माडीवर होतो. खाली मुलांचे एकात एक असे दोन गोल झाले, आतला गोल उलटा फिरू लागला, मग दोन्ही गोल फुटले आणि रस्त्यावर एक पाचकोनी चांदणी तयार झाली. खालची गर्दी आवाजावर खूश होती. चांदणी मात्र माडीवाल्यांपुरती उमलली आणि मिटून गेली.

अमेरिकेतल्या ड्रम कोअरला नवे प्रेक्षक कसे मिळतील, हा विषय निघाला की मला ती माडी आठवते. (हा शब्द इंग्रजीत लिहिलेला पाहून मी कित्येक वर्षे ‘कॉर्प्स’ असाच उच्चार करत होतो, शेवटची दोन अक्षरे तिथे गिळून टाकतात, हे फार उशिरा समजले.) ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे, तर दीडशेच्या वर तरुण मुले-मुली, त्यातली काही पितळी फुंकवाद्ये घेतलेली, काही ड्रम आणि इतर तालवाद्ये घेतलेली आणि काही झेंडे व लाकडी बंदुका हवेत फेकून झेलणारी, अशी सगळी अमेरिकन फुटबॉलच्या शंभर यार्डांच्या मैदानावर उतरतात आणि साधारण अकरा-बारा मिनिटांचा एकच कार्यक्रम सादर करतात. वाजवणारे एका जागी उभे राहत नाहीत. पावलांचे माप मोजत, पुढे, मागे, तिरके धावत ते मैदानभर आकृत्या काढतात आणि त्याच वेळी वाजवतात. बासरी, क्लॅरिनेट वगैरे लाकडी जातीच्या वाद्यांना तिथे जागा नाही. वयाची मर्यादा बावीस वर्षांची. उन्हाळाभर बसने गावोगाव फिरायचे, शाळांच्या व्यायामशाळांत जमिनीवर झोपायचे, दिवसभर उन्हात सराव करायचा, रात्री स्पर्धा खेळायची आणि ऑगस्टमध्ये अंतिम फेरीला पोहोचायचे, असा त्यांचा क्रम असतो. २००९ पासून ही अंतिम फेरी इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये होते.

मला या सगळ्याचे वेड लागले ते बिगुलामुळे. शाळेच्या बँडमध्ये मी बिगुल वाजवत असे, म्हणजे पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला झेंड्यापुढे उभे राहून, गाल फुगवून, त्या चार-पाच स्वरांत काय बसेल ते काढत असे. ड्रम कोअरची सुरुवातही याच बिगुलापासून झाली. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत परतलेल्या सैनिकांच्या संघटनांनी, मुख्यतः अमेरिकन लीजनच्या शाखांनी, ड्रम आणि बिगुल घेऊन पथके बांधली. पुढे त्यांच्या आणि चर्चच्या आश्रयाने मुलांची पथके निघाली. बिगुलाला हळूहळू चाव्या आल्या, २००० पासून कोणत्याही पट्टीची पितळी वाद्ये चालू लागली, २००४ मध्ये मायक्रोफोन आणि २००९ मध्ये सिंथेसायझर मैदानावर आला. प्रत्येक बदलाच्या वेळी जुन्या रसिकांनी ‘आता हे ड्रम कोअर राहिले नाही’ असा सूर लावला आणि तरीही पुढच्या उन्हाळ्यात तिकीट काढले. आपल्याकडे डॉल्बीवरून जे वाद होतात त्यांची आठवण व्हावी असे हे वाद असले, तरी त्यांत मी आज शिरत नाही, कारण प्रेक्षक वाढण्या-घटण्याचे खरे कारण ध्वनिवर्धकात आहे असे मला वाटत नाही.

मला ते कारण आमच्या घरच्या पुढच्या खोलीत सापडले. माझे वडील, ज्यांना आम्ही आण्णा म्हणतो, तरुणपणी तालमीत घुमलेले आहेत आणि आता ऐंशीच्या घरात असूनही खासबागेतल्या कुस्त्या चुकवत नाहीत. एका रविवारी मी त्यांना टीव्हीवर एका नावाजलेल्या कोअरचा कार्यक्रम लावून दिला. दोन मिनिटे ते गप्प राहिले. मग म्हणाले, “पोरांची मेहनत लई हाय. पण ही पोरं कुठल्या पेठेची म्हणायची?” मी सांगितले की ती कुठल्याच एका गावाची नाहीत, देशभरातून निवड चाचणी देऊन येतात, काही तर परदेशातूनही येतात आणि भाग घेण्यासाठी हजारो डॉलर भरतात. त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी एवढेच विचारले, “मग जिंकलं कोण?” मी म्हणालो, निकाल रात्री उशिरा, सगळ्यांचे झाल्यावर, गुणांवर लागतो. आण्णा उठून चहा टाकायला सांगायला आत गेले.

हे दोन प्रश्न ज्याला साधे वाटतील त्याने कोल्हापूरचा फुटबॉल पाहावा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध बालगोपाल किंवा खंडोबा विरुद्ध दिलबहार असा सामना असला की ज्यांना ऑफसाइडचा नियम समजावून सांगता येणार नाही अशी माणसेही कामधंदा सोडून जातात, कारण मैदानावर उतरलेले अकराजण कुणाच्या गल्लीतले आहेत ते त्यांना ठाऊक असते. ड्रम कोअरकडेही एके काळी ही पेठ होती. आजचे बॉस्टन क्रुसेडर्स १९४० मध्ये एका चर्चच्या परिसरातल्या मुलांचे पथक म्हणून सुरू झाले; न्यू जर्सीतल्या गारफील्ड गावच्या कॅडेट्सची सुरुवात १९३४ मध्ये तशीच, होली नेम या चर्चच्या नावाने झाली. अशी शेकडो पथके त्या देशात होती आणि त्यांच्या स्पर्धांना येणारा प्रेक्षक म्हणजे त्या त्या वस्तीचा प्रेक्षक होता. त्याला पोरे माहीत होती. पोरांचे बाप माहीत होते.

१९७१ मध्ये काही कोअरच्या प्रमुखांनी, ज्यांत वायोमिंगमधल्या ट्रूपर्सचे जिम जोन्स आणि शिकागोच्या कॅव्हेलियर्सचे डॉन वॉरन हे पुढे होते, माजी सैनिकांच्या संघटनांच्या नियमांतून आणि मानधनाच्या पद्धतीतून बाहेर पडायचे ठरवले आणि ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ ही संस्था उभी राहिली. १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर येथे तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि ती कॅलिफोर्नियाच्या अनाहाइम किंग्समेन या पथकाने जिंकली. कलेच्या दृष्टीने हे पाऊल योग्यच होते; नियम ठरवण्याचा हक्क वाजवणाऱ्यांकडे आला आणि पुढच्या दोन दशकांत मैदानावर जे घडले ते लष्करी कवायतीच्या चौकटीत कधीच घडले नसते. पण दर्जा जसा वर गेला तसा खर्चही वर गेला, छोटी पथके मिटत गेली, उरलेल्या मोठ्या पथकांना देशभरातून मुले घ्यावी लागली आणि प्रेक्षागारातली वस्ती ओसरली. तिच्या जागी जे आले ते बहुतांशी स्वतः कधीतरी वाजवलेले लोक, वाजवणाऱ्यांचे आईबाप आणि शाळांच्या बँडमधली मुले. हा प्रेक्षक अतिशय जाणकार आणि निष्ठावान आहे, त्याची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. पण तो आतलाच आहे. आणि आतल्या प्रेक्षकावर एवढा मोठा डोलारा किती काळ तरेल, हा प्रश्न आता हवेतला राहिलेला नाही. सांता क्लारा व्हॅनगार्डसारख्या मातब्बर पथकाने पैशांच्या अडचणीमुळे २०२३ चा मोसम सोडून दिला आणि कॅडेट्स हे नव्वद वर्षांचे पथक २०२४ मध्ये कायमचे बंद झाले. कॅडेट्सच्या बंद होण्यामागे न्यायालयातला एक दावाही होता. पण तिजोरी भरलेली असती तर तो दावा झेलून पथक उभे राहिले असते का, हा विचार मनात येतोच.

आण्णांचा दुसरा प्रश्न निकालाचा होता, आणि तो मला पहिल्यापेक्षाही अवघड वाटतो.

खासबाग मैदान राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये पूर्ण केले. त्याची रचना अशी आहे की मधला आखाडा खाली आणि भोवती वर चढत गेलेली प्रेक्षकांची जागा, त्यामुळे कुठेही बसा, पुढच्याची टोपी आड येत नाही. बांधणाऱ्याने प्रेक्षकाचा विचार आधी केला आणि मग आखाड्याचा, असे मला तिथे बसल्यावर नेहमी वाटते. पण त्या जागेचे यश नुसत्या दगडी बांधणीत नाही. मातीवरची निकाली कुस्ती चितपट झाली की कुणाला काही समजावून सांगावे लागत नाही. पाठ मातीला लागली, विषय संपला. मॅटवरच्या कुस्तीत गुण आले, वेळ आली, पंचांच्या हातवाऱ्यांना अर्थ आला, आणि आण्णांच्या पिढीतले कितीतरी लोक मॅटची कुस्ती निम्म्यावर सोडून उठू लागले. कुस्ती वाईट झाली म्हणून ते उठले नाहीत; कोण पुढे आहे हे डोळ्यांना दिसेनासे झाले म्हणून उठले.

ड्रम कोअर ही तर सगळीच्या सगळी मॅटवरची कुस्ती आहे. शंभरपैकी चाळीस गुण एकंदर परिणामाला, तीस दृश्याला आणि तीस संगीताला, आणि ते गुण दशांशात, शतांशात आणि कधी त्याहून बारीक तुकड्यांत मोजले जातात. २००८ मध्ये इलिनॉयमधल्या रॉकफर्डचे फँटम रेजिमेंट ब्लू डेव्हिल्सपुढे अवघ्या पंचवीस सहस्रांशांनी जिंकले, म्हणजे ९८.१२५ विरुद्ध ९८.१००. एवढा फरक कुणाच्या कानाला कळतो? १९८४ च्या आधी निराळी पद्धत होती. परीक्षक मैदानात फिरत आणि चूक दिसली की दशांश कापत. ती पद्धत कलेला मारक होती, कारण काही अवघड करूनच पाहू नये असे ती शिकवत असे. पण एखाद्याचे पाऊल चुकले, झेंडा हातातून सुटला, तर ते पाहणाऱ्यालाही दिसे आणि कागदावर काय झाले असेल याचा त्याला अंदाज बांधता येई. आजची पद्धत अधिक न्याय्य आहे आणि अधिक अपारदर्शकही आहे.

यावर उपाय म्हणून जे नेहमी सुचवले जाते ते असे, की सर्वांना ओळखीची गाणी वाजवा, कार्यक्रम सोपे करा, गोष्ट सांगा. त्यातली शेवटची सूचना मला पटते, पण अर्धीच. २००८ चे ते फँटम रेजिमेंट स्पार्टाकसची गोष्ट मांडत होते. गुलामांचे बंड, त्यांचा पुढारी, त्याचा शेवट. ज्याला संगीतातले काही कळत नाही त्यालाही मैदानावर काय चालले आहे ते कळत होते, आणि मोसमाच्या अखेरीस प्रेक्षक स्वतःच त्या बंडात सामील होऊन ओरडत होते. पण त्याच खेळात अमूर्त, गोष्ट नसलेले कार्यक्रमही डोळ्यांचे पारणे फेडतात, आणि सगळ्यांनी गोष्टच सांगायची असे ठरले तर दोन मोसमांत सगळ्या गोष्टी सारख्या होतील. आपल्याकडे गणपतीच्या देखाव्यांचे तसे झालेले मी पाहिले आहे.

स्टार ऑफ इंडियाना या पथकाने वेगळीच वाट काढली. १९९१ चे हे विजेते १९९३ नंतर स्पर्धा सोडून गेले आणि त्यांच्यातून पुढे ‘ब्लास्ट’ हा रंगमंचावरचा प्रयोग उभा राहिला. तो १९९९ मध्ये लंडनला आणि २००१ मध्ये ब्रॉडवेवर आला आणि त्याच वर्षी त्याला विशेष नाट्यप्रयोगाचा टोनी पुरस्कार मिळाला. ज्यांनी उभ्या आयुष्यात ड्रम कोअरची स्पर्धा पाहिली नव्हती अशा लोकांनी तिकिटे काढून तीच पितळी वाद्ये, तेच ड्रम आणि तेच झेंडे पाहिले. म्हणजे लोकांना हे आवडत नाही, असे म्हणायला जागा राहत नाही. बदलले होते ते दोनच: पाहणारा जवळ बसला होता आणि गुणपत्रक नव्हते.

जवळ बसण्याची ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कोअरच्या आकृत्या रचल्या जातात त्या मैदानाच्या मध्यरेषेच्या समोर, उंचावर बसलेल्या माणसासाठी, म्हणजे परीक्षकांसाठी. माझ्या आत्याच्या माडीसाठी, असे म्हणा ना. कोपऱ्यातल्या स्वस्त जागेवरून चांदणीची तिरकी रेघ होते. पण गंमत अशी की याच खेळात नव्या माणसाला खेचून घेणारी जागा कुठे आहे, तर ती स्टेडियमच्या बाहेर, गाड्या लावण्याच्या मोकळ्या जागेत. स्पर्धेआधी ड्रम वाजवणारी मुले तिथे गोलात उभी राहून हात मोकळे करतात आणि लोक त्यांच्यापासून दोन हातांवर उभे राहून ऐकतात; छातीत ठोका बसतो, मनगटे दिसतात, घाम दिसतो. इंटरनेटवर असे चित्रफितींचे ढीग आहेत आणि कधी मैदानातला कार्यक्रम पाहिलेला नाही असे लोकही ते पाहतात. आपल्या पथकांचेही तसेच आहे. स्पर्धेआधी मागच्या बोळात ढोलाचे दोर आवळण्याचे आणि पान तापवण्याचे काम चाललेले असते, ताशावाला सहज तर्री काढून बघतो, आणि गल्लीतली सगळी लहान पोरे मांडव सोडून तिथे जमतात.

खुद्द ड्रम कोअर इंटरनॅशनलनेही हे ओळखलेले दिसते. ‘साउंडस्पोर्ट’ नावाचा त्यांचा एक प्रकार आहे, ज्यात लहान गट, कोणतीही वाद्ये घेऊन, कोणत्याही वयाची माणसे, थोडक्या जागेत पाच-सात मिनिटे वाजवतात आणि त्यांना दशांशांऐवजी सुवर्ण, रौप्य, कांस्य अशी श्रेणी मिळते. शिवाय त्यांची अंतिम फेरी अनेक वर्षे अमेरिकेतल्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर दाखवली जात असे आणि २००४ पासून चित्रपटगृहांतही एका फेरीचे थेट प्रक्षेपण होऊ लागले. आता बहुतेक सगळे पैसे भरून इंटरनेटवर पाहावे लागते, आणि पैसे भरणारा हा आधीपासूनच आतला असतो, हा त्यातला पेच आहे.

हे सगळे मी दुरून बोलतो आहे याची मला जाणीव आहे. पण तीन वर्षांपूर्वी माझ्यावर जवळून पाहण्याची वेळ आली. आमच्या भागातल्या एका तालमीने ढोल-ताशा पथकांची स्थिरवादन, म्हणजे एका जागी उभे राहून वाजवण्याची, स्पर्धा ठेवली आणि शाळेत बिगुल वाजवला होता एवढ्या पुण्याईवर मला तीन परीक्षकांपैकी एक केले. नऊ पथके होती. आम्ही स्टेजवर, उंचावर, बरोबर मध्ये, पंख्याखाली बसलो होतो; पथके आमच्याकडे तोंड करून वाजवत होती आणि मैदानातल्या लोकांना त्यांच्या पाठी दिसत होत्या. मी अर्धी संध्याकाळ खूश होतो, कारण सगळे इतके स्वच्छ दिसत होते. मग लक्षात आले की प्रत्येक पथकाचे झाले की त्याच्याबरोबर आलेले लोक उठून जात आहेत. नववे पथक वाजवायला उभे राहिले तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते आणि त्यांच्यापुढे आम्ही तिघे, मांडववाला आणि त्या मुलांच्या आया, एवढेच उरलो होतो. ते पथक त्या दिवशीचे सर्वांत चांगले होते.

निकाल जाहीर झाल्यावर एक गृहस्थ मला फाटकापाशी गाठून शांतपणे म्हणाले, “साहेब, साडेसत्त्याऐंशी मार्क पडले म्हणता. आमच्या पोरांचं साडेबारा काय चुकलं, तेवढं सांगा.” मी कागदावर सगळे लिहिले होते, ताशा दोनदा लय सोडून पुढे गेला होता आणि शेवटच्या आवर्तनात टोलाचा, म्हणजे पथकातल्या घंटेसारख्या थाळीचा, ठोका उशिरा पडला होता; पण कागद आयोजकांच्या कपाटात बंद झाला होता आणि मी “छान झालं हो, थोडक्यात राहिलं” असे काहीतरी गुळमुळीत बोलून सुटका करून घेतली. त्या रात्री मला स्वतःची लाज वाटली.

पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा बोलावले तेव्हा मी काही अटी घातल्या, आणि आश्चर्य म्हणजे त्यांनी त्या बहुतेक मान्य केल्या. परीक्षकांचे टेबल खाली आणले आणि बाजूला लावले. पथकांनी लोकांकडे तोंड करून वाजवायचे ठरले. सगळ्यात मोठा बदल म्हणजे निवेदक. कुस्तीच्या मैदानावर शंकरराव पुजारी यांच्यासारख्या निवेदकांनी काय केले ते या भागात कुणाला सांगायला नको. ढाक कधी लागली, घिस्सा कसा निसटला, पैलवान कुठल्या गावचा, त्याचा वस्ताद कोण, हे कानावर पडत गेले आणि कुस्ती न खेळलेला माणूसही डाव ओळखू लागला. माझा एक मित्र गावोगावच्या मैदानांत कुस्तीचे निवेदन करतो. त्याला मी प्रत्येक पथकाच्या सरावाला एकेकदा नेले आणि सांगितले की वादनाच्या आधी फक्त एक मिनिट बोलायचे, वादन चालू असताना तोंड उघडायचे नाही, आणि त्या एका मिनिटात दोनच गोष्टी सांगायच्या: ही मुले कोण आहेत आणि कशाकडे लक्ष द्यायचे. एका पथकाबद्दल तो म्हणाला, “मंडळी, यांच्यात दोघी बहिणी एकाच ढोलावर सराव करून तयार झाल्यात. चौथ्या हाताला सगळे ढोल एकदम थांबतील आणि एकटा ताशा राहील. त्या वेळी शिट्टी मारू नका, नुसतं ऐका.” आणि खरोखरच, चौथ्या हाताला, म्हणजे वादनाच्या चौथ्या तुकड्याला, मैदान गप्प झाले. कोल्हापुरात सात-आठशे माणसे एका ताशासाठी श्वास रोखून उभी राहिलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

वादन संपल्यावर प्रत्येक पथकाने दोरीपाशी येऊन दोन मिनिटे मनाला येईल ते वाजवायचे, त्याला गुण नाहीत, असेही ठरवले होते. ही कल्पना माझी नव्हे; अमेरिकेत स्पर्धेनंतर कोअर प्रेक्षागाराच्या अगदी जवळ येऊन पुन्हा वाजवतात, ती तिथून उचलली. आणि निकालाच्या वेळी प्रत्येक पथकाबद्दल एक जमलेली आणि एक राहिलेली गोष्ट मोठ्याने वाचून दाखवली.

सगळे गोड झाले असे मात्र नाही. दोन पथकांचे प्रमुख चिडले, ‘पोरांच्या चुका चारचौघांत कशाला’ म्हणून, आणि त्यातले एक पथक नंतर आलेच नाही. त्याहून काळजीची गोष्ट निराळी होती. लोकांकडे तोंड करून वाजवायचे म्हटल्यावर काही पथकांनी वादन सोडून लोकांनाच वाजवायला सुरुवात केली. हात वर करणे, टाळ्या मागणे, कुठल्यातरी चालू गाण्याचा ठेका मध्येच घुसवणे. माझ्या एका सहपरीक्षकाने तर सुचवले की लोकांच्या प्रतिसादालाही दहा गुण ठेवावेत, म्हणजे प्रेक्षक आणखी येतील. मी त्याला कडाडून विरोध केला आणि आजही करीन. टाळ्यांना गुण ठेवले की पुढच्या वर्षी नऊच्या नऊ पथके एकाच गाण्याचा ठेका वाजवतील, ती चौथ्या हाताची शांतता कुणीही ठेवणार नाही, आणि ज्या प्रेक्षकासाठी हे केले तोच तिसऱ्या पथकाला कंटाळून घरी जाईल. ड्रम कोअरमध्ये ‘परीक्षकांसाठी की प्रेक्षकांसाठी’ हा वाद किती वर्षांपासून चालू आहे. मला तो प्रश्नच चुकीचा मांडलेला वाटतो. गुणपत्रक आहे तसे राहू द्यावे, कार्यक्रम रचणाऱ्याला हवा तेवढा अवघड रचू द्यावा. माणसाला बसवायचे कुठे, त्याला आधी काय सांगायचे आणि नंतर काय उघड करायचे, एवढ्यातच वाढीला भरपूर जागा शिल्लक आहे, आणि तिला हात लावायला कुणाच्या कलेला धक्का लागत नाही.

त्या दुसऱ्या वर्षी आण्णा आले होते. माझी भाची एका पथकात ताशा वाजवते. तिला पाहायला म्हणून आले आणि दोरीपाशी खुर्ची टाकून नवव्या पथकापर्यंत बसले. परतताना रिक्षात त्यांनी तिला विचारले की त्या आठव्या पथकाचा टोल का मागे पडत होता, आणि ती दोघे रंकाळ्यापर्यंत त्यावर बोलत राहिली.

गेल्या महिन्यात मी पुन्हा धीर करून टीव्हीवर ड्रम कोअर लावले. या वेळी ट्रूपर्स निवडले आणि आधी सांगून टाकले, “आण्णा, हे कॅस्पर नावाच्या गावचं पथक. १९५७ पासूनचं. पोरं आता बाहेरचीही असतात, पण गाव तेच. घोडदळाच्या शिपायांसारखा पोशाख घालतात, आणि यांची सूर्याची एक चाल आहे, किरणं फुटल्यासारखी. ती आली की बघा.”

“गाव केवढं हाय?”

“इचलकरंजीपेक्षा बरंच लहान.”

“बरं. लाव.”

रांगा मध्यावर जमल्या, वळल्या आणि मैदानभर किरणे पसरत गेली. आण्णा खुर्चीत पुढे सरकले, चष्मा वर केला, आणि कॅमेरा कुठे असेल त्या दिशेने बोट दाखवून म्हणाले, “हे माडीवरनं काढलंय व्हय रं?”